सिट्रस कुमुदे

दार कुमुदने उघडलं. पुण्याहून सावंतवाडीपर्यंत एसटीत बसून मी वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी नेर्लेकर सरांना ऐकवायची होती. आणि दारात ही उभी. पदर कमरेला खोचलेला, केस बरेचसे पांढरे झालेले, डोळे मात्र तेच.

"मंदा!" ती म्हणाली. "अगं, फोन तरी करायचास."

"सरांना केला होता."

"त्यांना फोनवर कुठलं ऐकू येतंय! पुण्याहून कुणीतरी येणार, एवढंच म्हणाले. ये, आत ये."

मी चपला काढल्या. पंचवीसेक वर्षांनी भेटत होतो आम्ही, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की इथेसुद्धा ही माझ्याआधी पोचली.

ही २००४ सालची गोष्ट. सर निवृत्त होऊन आपल्या गावी, सावंतवाडीला येऊन राहिले होते. पत्नी वारल्यावर एकटेच होते. कुमुद लग्न होऊन त्याच गावात आलेली. ती रोज सकाळी येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, त्यांच्या जेवणाचं बघते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

कोल्हापूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. सरांचं सगळं आयुष्य संत्र्या-लिंबांच्या कुळात गेलेलं. "या कुळात जाती किती?" असं विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "एका अमेरिकन माणसाने सोळा मोजल्या, एका जपान्याने दीडशेच्या वर. झाडं तीच बरं का! एक म्हणतो, एवढ्याशा फरकाला नवं नाव कशाला? दुसरा म्हणतो, फरक दिसतोय ना, मग नाव हवंच." सरांचा ओढा त्या दुसऱ्याकडे होता. आपल्या सह्याद्रीत एखादी तरी नवी जात सापडावी, असं त्यांना फार वाटे.

ती सापडली आंबोलीच्या खालच्या अंगाला, एका घळीत. ओढ्याकाठच्या गचपणात, पानांआड पिवळं काहीतरी दिसलं. मला दिसलं. "सर, ते बघा," असं मी म्हटलं आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कुमुद झाडावर चढलीसुद्धा. दंडाला काटा लागून रक्त आलं, तरी फळासकट फांदी खाली घेऊनच आली. सरांनी फळ कापलं. जाड साल, आत फिकट पिवळ्या फोडी, भरपूर बिया. एक फोड तोंडात टाकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत चघळत राहिले.

"पपनस नाही," ते म्हणाले. "ईडलिंबू नाही, नारिंगही नाही. पोरींनो, हे वेगळंच आहे."

वर्षभराने त्यांचा निबंध छापून आला. विभागात चहा सांगितलेला होता. कप हातात घेऊन सर उभे राहिले आणि म्हणाले, "नव्या जातीचं नाव आहे सिट्रस कुमुदे. आपल्या कुमुदवरून."

टाळ्या पहिल्यांदा मी वाजवल्या. इतक्या जोरात, की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्याच वर्षी, निबंध छापायला जाण्याआधी, कॉलेजात अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली होती. ती मला मिळाली. कुमुदचं लग्न झालं आणि ती गेली. मी डॉक्टरेट केली, पुढे पुण्याला आले, प्रयोगशाळा उभी केली. लोक म्हणत, मंदाकिनी हेरवाडकरने नाव काढलं. पण नाव म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. नोकरी कुणालाही देतात. झाडाला नाव मात्र जिवाभावाच्या माणसाचंच दिलं जातं. मी गेल्यावर दहा वर्षांनी मला कोण ओळखणार होतं? आणि जगातल्या कुठल्याही वनस्पतिसंग्रहालयात कपाट उघडलं, की कुमुद तिथे असणार होती, लॅटिनमध्ये.

त्या कुळावर शिकवताना मी सगळ्या जाती सांगायचे, ती एक वगळून. एखादी मुलगी पुस्तकातून ते नाव वाचायला लागली, की मी म्हणायचे, "हं, पुढे." माझा नवरा गमतीने म्हणायचा, "अगं, लिंबाचं झाड आहे ते." मी म्हणायचे, "लिंबाचं नाही. लिंबाचं असतं तर भानगडच नव्हती."

मग डीएनएची तंत्रं आली, आणि या कुळातल्या वर्गीकरणाचा सगळा पसाराच हलला. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून एकच गोष्ट पुढे यायला लागली: मूळची घराणी अगदी थोडी. महाळुंग, पपनस, संत्र्याचा जुना वंश, आणि आणखी एखाददुसरं. बाकी सगळी यांच्या आपसातल्या संकराची प्रजा. मोसंबं, नारिंग, लिंबू, ज्यांना आपण पिढ्यानपिढ्या स्वतंत्र समजत आलो, ती सगळी मिसळणीतून आलेली.

आमच्या प्रयोगशाळेने देशी झाडं तपासायला घेतली. यादी मीच केली, आणि घळीतल्या त्या झाडाची पानं माणूस पाठवून मागवली. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होतं. निकाल येईपर्यंत माझं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं, हेही खरं.

निकाल स्वच्छ होता. पेशीत काही डीएनए असा असतो, की तो फक्त आईकडून येतो. तो पपनसाचा होता. बाकीच्यात अर्धा वाटा पपनसाचा, अर्धा संत्र्याच्या वंशाचा. कधीतरी कुणीतरी घळीच्या वर पपनसाचं झाड लावलं असेल, जवळपास संत्र्याचं असेल, मधमाशीने आपलं काम केलं आणि फळ ओढ्याने खाली आणलं. नवी जात वगैरे काही नव्हतं. आणि नियम असा, की त्याच दोन जातींच्या सगळ्या संकरांना मिळून एकच नाव, सगळ्यांत जुनं. ते नारिंगाला केव्हाच देऊन झालेलं. म्हणजे सिट्रस कुमुदे हे नाव रद्द.

त्या दिवशी मी घरी जाताना श्रीखंड नेलं. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" म्हटलं, "काम झालं."

छापण्याआधी सरांना भेटून सांगायचं ठरवलं. पुण्यात सगळे म्हणाले, किती हा गुरूचा मान! मला सरांचा चेहरा बघायचा होता. झाडाला चुकीच्या मुलीचं नाव दिलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना बघायचं होतं.

सर मागच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि तो चाचपत म्हणाले, "मंदा. तुझा हात अजून गारच."

कुमुद आत स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येत होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"सर, आपल्या झाडाबद्दल सांगायचंय."

"आं?"

"झाडाबद्दल! घळीतल्या!"

"हां हां. काय झालं त्याला? तोडलं की काय?"

"नाही. आम्ही तपासलं ते. ती स्वतंत्र जात नाही, सर."

त्यांनी कानामागे हात धरला. मला ओरडावं लागलं. एसटीत जुळवलेली ती सगळी हळुवार वाक्यं ओरडून म्हणण्यासारखी नव्हती. शेवटी मी घसा ताणून एवढंच म्हटलं, "संकर आहे, सर! संकर!"

"शंकर? कोण शंकर?"

आतली भांडी थांबली. कुमुद हात पुसत बाहेर आली, त्यांच्या खुर्चीशी उकिडवी बसली आणि कानाशी तोंड नेऊन, आवाज न चढवता म्हणाली, "सर, मंदा म्हणतेय, माझं झाड मिश्र निघालं."

तिच्याच तोंडून. मी दुसरीकडे बघितलं.

सरांना ते लगेच ऐकू गेलं. मग त्यांनी मला विचारलं, "आई कोण?"

"पपनस."

"आणि बाप संत्र्याकडचा."

"हो." मी चकित झाले. "तुम्हाला कसं..."

ते कुमुदकडे वळले. "तू म्हणालीच होतीस."

तिने त्यांच्या अंगावरची शाल नीट केली आणि उठली. जाता जाता मला म्हणाली, "जेवून माझ्याकडे चल. पाच मिनिटांवर आहे. तुला दाखवायचंय काहीतरी."

आम्ही जेवायला बसलो. सोलकढी होती, माशाचं कालवण होतं, मला चव लागली नाही. एवढ्या लांब येऊन मी जे सांगितलं ते या घरात आधीच माहीत होतं, हे काही केल्या पचत नव्हतं.

कुमुदच्या घराच्या फाटकाशी तिचे यजमान, अनंतराव तायशेटे, सायकल पुसत होते. बँकेतून निवृत्त झालेले, हसऱ्या चेहऱ्याचे. कुमुदने ओळख करून दिली तसे ते सरळ उभे राहिले.

"म्हणजे तुम्ही हेरवाडकर मॅडम! या, या. तुम्हाला मी चांगला ओळखतो. तुमचं नाव पेपरात आलं, की त्या दिवशी आमच्याकडे आमटीत मीठ नसतं."

"पुरे हो," कुमुद म्हणाली. पण ती लाल झाली होती.

घर साधंच, चिऱ्याचं. ती मला वळसा घालून मागच्या आवारात घेऊन गेली, आणि मी उभीच राहिले.

आवारभर झाडं होती, रांगेने लावलेली. सगळी याच कुळातली. पण एकाशी एक जुळत नव्हतं. एकाच्या पानाच्या देठाला रुंद पंख होता, थेट पपनसासारखा. शेजारच्याचं पान अरुंद, पंखाचा नुसता मागमूस. एकाला डोक्याएवढं फळ लटकलेलं, तर त्याच्या पलीकडच्याला मुठीत मावतील अशी केशरी, सैल सालीची. एक काट्यांनी भरलेलं, एकाला काटा शोधावा लागेल. प्रत्येक बुंध्याला पत्र्याची पट्टी, वर खिळ्याने कोरलेला आकडा.

"ही सगळी..." मी म्हटलं.

"त्याचीच पोरं. घळीतल्या झाडाची." ती एका झाडाची वाळकी काडी मोडत म्हणाली. "पहिल्या फळातल्या बिया मी विभागात कुंडीत लावल्या होत्या, आठवतं? तू म्हणायचीस, कुंड्या अडवून ठेवते ही. संत्र्याची बी लावली की एकीतून दोन-तीन कोंब येतात, बहुतेक आईचीच नक्कल. यात एका बीतून एकच कोंब यायचा, आणि प्रत्येकाची पानं निराळी. तेव्हाच मला शंका आली. जातिवंत झाड असं फुटत नाही."

"मग सरांना सांगायचंस."

"निबंध छापून झाला होता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात सांगितलं. म्हणाले, चार रोपांवरून काही ठरत नाही. खरं होतं ते. मग ठरेल एवढी लावली." ती हसली. "इथे आल्यावर घळीत जाऊन कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधायचे, बाहेरचा पराग नको म्हणून. बहुतेक फुलं गळून जायची. जी धरली त्यांची ही प्रजा. काही पपनसाच्या वळणावर गेली, काही संत्र्याच्या, बाकीची मधेच."

मी झाडांमधून फिरले. मी त्या विषयातली आहे, मला दिसत होतं मी काय बघतेय ते. माझ्या यंत्राने काढलेलं उत्तर इथे जमिनीतून वर आलेलं होतं, आणि माझ्या उत्तरापेक्षा ते पुष्कळ मोठं होतं. मी एका झाडाचे आईबाप सांगितले होते. हिने आईचं काय कुठे जातं, बापाचं काय कुठे जातं, याचा सगळा पट मांडून ठेवला होता. माझी तळमळ पूर्वी एका नावापुरती होती. त्या आवारात ती अंगभर पसरली. नोकरी नाही, प्रयोगशाळा नाही, कुणी विचारणारं नाही, आणि हे!

"तुला माझा राग आला असेल," मी म्हटलं. "तुझं नाव जाणार आता."

"नाव?" ती वळली. "तुला काय वाटतं, ते नाव मला का मिळालं?"

"तू त्यांची लाडकी होतीस."

कुमुद माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मंदा, जागा एकच होती. कॉलेजने सरांना म्हटलं, एक नाव द्या. मी पहिली आलेली. पण सरांना वाटलं, हिचं लग्न ठरलंय, ही जाणार. मला विचारलंसुद्धा नाही गं. मी लग्न पुढे ढकललं असतं, मोडलंही असतं. हे सांगायला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा तुझं नाव जाऊन पोचलं होतं. सर खूप ओशाळले. म्हणाले, आता ते बदलता येत नाही, पण तुला मी दुसरं काहीतरी देईन." तिने झाडाच्या खोडावर हात ठेवला. "तुला नोकरी दिली आणि मला हे. तुझ्या नावामागे डॉक्टर लागलेलं वाचलं, की मला जेवण जात नसे. यांनी सांगितलं ते चेष्टेने, पण खोटं नाही."

जी जागा माझी हुशारी म्हणून मी मिरवली, ती हिच्या लग्नामुळे मला मिळाली होती. आणि ज्या नावासाठी मी इतकी वर्षं जळले, ते हिच्या दृष्टीने नुकसानभरपाई होतं.

"आता ते गेल्यावर सुटल्यासारखं वाटेल, असं मला नेहमी वाटायचं," ती हळूच म्हणाली. "मघाशी तू ओरडलीस ना, तेव्हा नाही वाटलं तसं. कसंही मिळालं तरी माझं होतं ते."

अनंतरावांनी कोकम सरबत आणून दिलं आणि ते निघून गेले. आम्ही दोघी पायरीवर बसलो. मी पेला संपवला आणि मनात घोळत होतं ते बोलून टाकलं.

"कुमुद, हे तू माझ्याबरोबर छाप. माझा डीएनए आणि तुझी झाडं. असं काम आपल्याकडे कुणी केलेलं नाही."

"छापू," ती म्हणाली. तिने जराही वेळ घेतला नाही. या प्रश्नाची ती किती वर्षं वाट बघत होती कोण जाणे. "पण पहिलं नाव माझं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अगं, प्रयोगशाळा माझी. पैसा मी उभा केला. डीएनएचं सगळं काम आम्ही केलंय."

"असेल."

"तुझ्याकडे डॉक्टरेटसुद्धा नाही. लोक विचारतील, ही कोण?"

"विचारू देत. मला तेच हवंय." ती मागे हटली नाही. "नाही तर तू तुझं एकटीचं छाप. मी आडवी येणार नाही. माझी झाडं मी कुणाला दाखवायला नेणार नाही. तुझा निकाल तुझाच आहे."

ते मला सहज करता आलं असतं. पिशवीत कागद तयार होते. एकटीच्या नावावर छापून आले असते, कुमुदे हे नाव पुसलं गेलं असतं, आणि पुसणारी मी असते. याचसाठी तर मी आले होते. मी उठले आणि पुन्हा त्या रांगांतून चालत गेले. राग इतका होता की डोळ्यांपुढची पानं नीट दिसत नव्हती. हिला सगळंच कसं पाहिजे? झाडाचं नाव गेलं तर निबंधाचं हवं! आणि रागावतानाच मी पंखाची रुंदी बघत होते, फळांचे देठ बघत होते, कुठल्या झाडावर आधी काम करायला हवं ते ठरवत होते. हे काम पहिलं कुणाचं, हे मला त्या पानांकडे बघून कळत होतं. कळत नव्हतं असं मला स्वतःला सांगता येईना.

परत आले तेव्हा ती पायरीवर तशीच बसली होती, हात मांडीत घट्ट धरून.

"सगळ्या झाडांची कोवळी पानं लागतील," मी म्हटलं. "वेगवेगळ्या पाकिटांत."

"आणि?"

"आणि नमुन्यांवर आकडे तू घाल. आमच्याकडे ते काम पहिल्या लेखकाचं असतं."

तिने तोंडावर पदर धरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही. मला जमलं नाही.

त्यानंतर ती पुण्याला येत-जात राहिली. प्रयोगशाळेतल्या मुलींबरोबर बसून डीएनएसाठी पानं वाटायला शिकली, आणि महिन्याभरात त्यांच्या चुका काढायला लागली. दीड वर्षाने निबंध आला. सर तेव्हा होते. तिने त्यांना तो कानाशी बसून वाचून दाखवला. पहिल्याच ओळीला त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "मंदाचं नाव मागे का?" हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. दुपारभर मला बरं वाटत राहिलं.

या गोष्टीचं लोक फार कौतुक करतात. हेरवाडकर मॅडमचं मन किती मोठं, असं म्हणतात. मन मोठं वगैरे काही झालं नाही. तो निबंध परदेशातसुद्धा चांगला वाचला गेला, आणि कुठेही त्याचा उल्लेख आला, की 'तायशेटे आणि हेरवाडकर' असा येतो. दर वेळी आधी तिचं आडनाव दिसतं आणि अजून टोचतं. मग मी पुढे वाचते.

मी निवृत्त झाले त्या दिवशी विभागात छोटासा समारंभ होता. नवीन आलेल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, त्या तायशेटे कोण? तुमच्या गाईड होत्या का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वर्गातली मुलगी." मग मी पाण्याचा घोट घेतला, कारण पुढचं वाक्य मी आयुष्यात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. "माझ्यापेक्षा हुशार होती."